मदत हवी आहे: आजोबांच्या पट्टीवर फिती पाच, ट्रंकेत पदकं चार

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबेल, आधीच सांगून ठेवतो. फौजी पदकांतलं कळणारे इथे दोघे-तिघे तरी आहेत, म्हणून विचारतोय.

आजोबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते. आम्ही मूळचे दापोलीकडचे. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातून नौदलात जाणं नवलाचं नव्हतं, किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी बोटीवर असायचंच. आजोबा युद्धाबद्दल अवाक्षर काढत नसत. आता घर आवरताना काकांना पत्र्याच्या ट्रंकेत, खाकी कापडात बांधलेली पदकं सापडली.

दोन सहा टोकांचे पितळी रंगाचे स्टार आहेत, एकावर १९३९-४५ आणि दुसऱ्यावर बर्मा. दोन गोल पदकं: एकावर हिंदुस्थानचा नकाशा, दुसऱ्यावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह. सोबत गणवेशावर लावायची फितींची पट्टी. हिच्यावर मात्र पाच फिती शिवलेल्या आहेत. चार फितींची पदकं सापडतात, सगळ्यात पहिली उरते. समोरून ती इतकी विटलीय की मळकट तपकिरीच वाटते. काकांनी कडेची शिवण जरा उसवून मागची बाजू बघितली. तिथे ऊन लागलेलं नाही, रंग शाबूत आहे. दोन्ही कडा गडद निळ्या, मधला पट्टा किरमिजी.

आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "राजाचं तोंड असलेला मोठा रुपया होता बाबांकडे. माझ्या लग्नात पैंजणांत गेला." पैंजणही नंतर मोडले. म्हणजे तो विषय संपला.

घरातली ऐकीव गोष्ट अशी की आजोबा 'बंगाल'वर होते आणि त्यांनी जपानी जहाज बुडवलं. मी ती लढाई वाचून काढली. ११ नोव्हेंबर १९४२, हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैऋत्येला. 'बंगाल' म्हणजे ऑस्ट्रेलियात बांधलेलं साडेसहाशे टनांचं चिमुकलं जहाज, मुख्य तोफ एकच, बारा पौंडी. ते 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होतं. समोरून 'होकोकू मारू' आणि 'आयकोकू मारू' ही जपानी जहाजं आली, दोन्ही दहा हजार टनांच्या वरची, १४ सेंटिमीटरच्या तोफांची. 'बंगाल'चा कप्तान विल्सन याने पळ काढायचा सोडून जहाज सरळ शत्रूच्या अंगावर घातलं, का तर ओंदिनाला निसटायला वेळ मिळावा. 'होकोकू मारू'वर गोळा बसला, स्फोट झाला आणि ते बुडालं. गोळा 'बंगाल'चा की 'ओंदिना'चा, यावर अजून वाद आहे. ओंदिनाचा कप्तान मारला गेला, 'बंगाल'वर मात्र एकही जीव गेला नाही. विल्सनला डी.एस.ओ. हा अधिकाऱ्यांना मिळणारा मोठा लष्करी सन्मान मिळाला.

तर प्रश्न: ती पहिली फीत कशाची? ते पदक याच लढाईचं असेल का? आणि ते का दिलं, हे लिहिलेला कागद कुठे मिळेल?

फीतवेडा:
फीत इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची, म्हणजे आय.डी.एस.एम.ची दिसते. घाई करू नका, एवढ्यासाठी सांगतो की इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट या दुसऱ्या शौर्यपदकाची फीत याच दोन रंगांची, फक्त उलटी: मध्ये निळा, कडा लाल. तुमचं वर्णन बरोबर असेल तर आय.डी.एस.एम.च. पदक चांदीचं, पुढे राजाचा मुखवटा, मागे पानांच्या वेढ्यात तीन इंग्रजी शब्द. सुरू झालं १९०७ साली, १९४७ नंतर बंद. आत्याबाईंचा 'मोठा रुपया' चपखल बसतो. शौर्यपदकाची फीत नेहमी पहिली लावतात, तेही जुळतं. बाकी चार पदकं मोहिमेत हजर होता म्हणून मिळणारी. हे एक मात्र काहीतरी केलं म्हणून मिळालंय.

आणि कृपा करून बाकीच्यांना चिंच-राख लावून चकचकीत करू नका. सुती कापडात नुसती ठेवा.

खाडीकाठ:
'बंगाल'ची लढाई बर्मा स्टारच्या हद्दीत येत नाही. नौदलासाठी तो बंगालच्या उपसागरातल्या सेवेवर मिळायचा, आणि ती चकमक कितीतरी दक्षिणेला झाली. म्हणजे आजोबा 'बंगाल'वर नव्हतेच असं नाही, पण ते उपसागरातही होते हे नक्की.

मला विचाराल तर आराकान, म्हणजे बर्माचा पश्चिम किनारा, बघा. जानेवारी १९४५ मध्ये अक्याब, म्येबोन, रामरी, कांगॉ इथे फौजा उतरवल्या, तेव्हा आपल्या नौदलाच्या 'नर्बदा' आणि 'जमुना' या युद्धनौका तोफांचा मारा करत होत्या, आणि मोटर लाँचचे ताफे चाँगांत घुसत होते. चाँग म्हणजे कांदळवनातल्या अरुंद खाड्या, थेट आपल्या दाभोळच्या आतल्या फाट्यांसारख्या. दोन्ही काठांवर जपानी, आणि लाँचला वळायलाही जागा नाही. कोकणातल्या पोराला तिथे भरती-ओहोटी शिकवावी लागली नसणार. 'बंगाल'चं नाव त्या काळी सगळीकडे गाजलेलं, त्यामुळे नौदलातला प्रत्येक आजोबा घरच्यांच्या तोंडी 'बंगाल'वर चढतो. राग मानू नका.

स्टार उलटे करून बघितलेत का? इंग्रजांनी आपल्या लोकांचे स्टार कोरे दिले, पण हिंदी सैनिकांच्या स्टारवर मागे नाव-नंबर ठोकलेला असतो.

धागाकर्ता:
राग कसला! काकांना आत्ताच फोन केला. दोन्ही स्टारच्या मागे बारीक अक्षरं आहेत. आकडे, मग नाव, शेवटी आर.आय.एन., म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही. पण नाव आजोबांचं आहे की नाही यावरच घरात वाद सुरू झालाय. आडनाव नाही, आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव एकत्र, आणि स्पेलिंग असं की वाचणाऱ्याला हसू यावं.

फीतवेडा:
तेच आजोबा. कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं, सगळीकडे हाच प्रकार. म्हणून नावाने शोधू नका, नंबराने शोधा. लंडन गॅझेटचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचे, जुने अंक इंटरनेटवर फुकट चाळता येतात. त्यात हुद्दा, नाव, नंबर आणि बहुधा एखादी ओळ मिळेल. त्या तारखेवरूनच कळेल: १९४३ च्या आसपासचा अंक निघाला तर 'बंगाल'ला जागा आहे, १९४५ चा निघाला तर खाडीकाठ जिंकले. नेमकं काय केलं ते शिफारशीच्या कागदात असतं. त्यासाठी लंडनजवळच्या क्यूचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि दिल्लीचं आपलं, दोन्हीकडे विचारा. सेवापुस्तकासाठी मुंबईत मानखुर्दला नौदलाचं खलाशांच्या नोंदींचं कार्यालय आहे. वारस असल्याचा पुरावा जोडून अर्ज करा, आणि तोच नंबर वर ठळक लिहा. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एक प्रत द्या, कधीकधी तिथूनच कागद पुढे सरकतो.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचेही. स्टारच्या मागचा आकडा नीट दिसत नाही, तिसरा तीन आहे की आठ यावर काका आणि चुलतभाऊ अडलेत. तिरप्या उजेडात फोटो काढायला सांगितलंय. गॅझेट दोन्ही आकड्यांनी शोधतो. तोवर एक विचारायचं राहिलं: गेलेल्या पदकाची नक्कल करून फ्रेममध्ये लावली तर चालतं का? आत्याच्या मनाला ते फार लागलंय, सारखं पैंजणांचं बोलते.

खाडीकाठ:
फ्रेममध्ये लावायला काय हरकत? मागे 'नक्कल' असं कोरून घ्या, म्हणजे पुढे कोणी खरं म्हणून विकायला नको. आणि जुनी विटलेली फीतच राहू द्या, नवी आणू नका.