प्रति: ड्रायव्हर नव्हे, पोर्ट अडलाय
धागाकर्त्याचा प्रश्न असा, की लिनक्सवर फॅक्स हाताळणाऱ्या हायलाफॅक्स या प्रोग्रॅमला जोडलेला मॉडेम मिळत नाही. त्यावर वर दिलेला ‘आधी कंपनीचा ड्रायव्हर शोधा’ हा सल्ला विनमॉडेमला लागू पडतो, कारण तिथे सिग्नलचं काम संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेलं असतं. पण धागाकर्त्याने दिलेल्या डीमेसेजच्या (कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी दाखवणाऱ्या कमांडच्या) ओळींत ‘टीटीवाय-एसीएम-०’ हे पोर्टचं नाव स्वच्छ दिसतंय. म्हणजे कर्नेलमधल्या सीडीसी-एसीएम ड्रायव्हरने मॉडेम कधीच ओळखलाय. हायलाफॅक्सला तो मिळत नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

इथे अजून कुणी मॉडेममॅनेजर या मागे चालत राहणाऱ्या सेवेचं नाव घेतलेलं नाही. तो मुख्यतः सिमकार्डवाल्या डोंगलसाठी असतो, पण नवा मॉडेम जोडला की त्यालाही एटी कमांड (मॉडेमला द्यायच्या सूचना) पाठवून चाचपतो आणि तेवढा वेळ पोर्ट व्यस्त राहतो. माझ्या उबुंटूवर नेमकं हेच होत होतं. डोंगल वापरत नसाल तर सिस्टीमसीटीएल कमांडने ती सेवा थांबवून कायमची बंद करा. वापरत असाल तर यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या भागाच्या) नियमाने फक्त हा मॉडेम वगळा. डेबियन-उबुंटूवर मिनिकॉम या मॉडेमला थेट कमांड देता येणाऱ्या प्रोग्रॅमने तपासणार असाल तर आपलं खातं ‘डायलआउट’ गटात हवं, आणि गटात घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत यायला हवं.

मग मिनिकॉममध्ये ‘एटी+एफक्लास=?’ ही कमांड रोमन अक्षरांत द्या. उत्तरात नुसता ० आला तर मॉडेम फक्त डेटाचा आहे, फॅक्सचा नाद सोडा. १ दिसला तर हायलाफॅक्समध्ये क्लास १ निवडा. त्यात टी.३० या फॅक्सच्या प्रोटोकॉलचा बराचसा भार हायलाफॅक्स उचलतो आणि काही बिघडलं तर लॉगमध्ये नीट दिसतं. क्लास २ मध्ये ते काम मॉडेमच्या फर्मवेअरवर सोपवावं लागतं.