शब्दचर्चा : ‘पिव्हट’चा पाय खुंट्याचा, खिळलेला की नांगरलेला?

प्रश्न (रत्नागिरी) :
शाळेतील मुलांसाठी बास्केटबॉलमधील ‘सेंटर’च्या खेळावर मी मराठीत एक टिपण तयार करीत आहे. बास्केटकडे पाठ करून उभा असलेला हा उंच खेळाडू चेंडू हाती आल्यावर एक पाय जागेवर ठेवतो आणि दुसरा पाय हवा तिकडे टाकत अंग वळवतो. त्या जागेवरच्या पायाला ‘पिव्हट फूट’ म्हणतात. वर्तमानपत्रांतील ‘पदलालित्य’ हा शब्द फलंदाजाला शोभतो, पण त्यातून कोणता पाय हलला आणि कोणता नाही, हे कळत नाही. जात्यावरून सुचले म्हणून मी ‘खुंट्याचा पाय’ असे लिहिले आहे. ते योग्य वाटते का? ‘पोस्ट अप’, ‘ड्रॉप स्टेप’ आणि नामवंत सेंटर हकीम ओलाजुवानच्या ‘ड्रीम शेक’ या चालीतील ‘शेक’ यांनाही शब्द हवे आहेत.

प्रतिसाद (मालवण) :
सर, खुंटा घेऊ नये. जात्याचा खुंटा म्हणजे दळताना हातात धरायचा तो दांडा. वरच्या तळीबरोबर तोच सर्वांत जास्त फिरतो. स्थिर असते ती मधली खीळ. ‘खिळलेला पाय’ म्हणावे, तर मराठीत पाय भीतीने खिळतात, आणि इथला खेळाडू तर मुळीच घाबरलेला नसतो. शिवाय हा पाय चवड्यावर फिरतो, फक्त आपली जागा सोडत नाही.

मला ‘नांगरलेला पाय’ किंवा सरळ ‘नांगरपाय’ सुचतो. खाडीत नांगरलेली होडी पाहा : भरतीच्या वेळी तिचे तोंड समुद्राकडे असते, ओहोटी लागली की ती हळूहळू उलटी फिरते, पण दोराच्या टप्प्याबाहेर जात नाही. या शब्दामुळे नियमही सांगता येतो. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणे) सुरू करायचे असेल, तर नांगर उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. बास्केटकडे चेंडू टाकायचा असेल किंवा पास द्यायचा असेल, तर नांगर उचललेला चालतो, मात्र तो पुन्हा जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू हातात राहता कामा नये.

‘पोस्ट अप’ला ‘ठाण मांडणे’ हा तयार वाक्प्रचार आहे, कारण सेंटर खरोखरच गुडघे वाकवून, पाठीने आणि कमरेने प्रतिस्पर्ध्याला मागे रोखून जागा धरतो. गंमत अशी, की बास्केटखालच्या ४.९ मीटर रुंद पट्ट्यात, आपल्या संघाकडे चेंडू असताना, त्याला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. म्हणून ठाण मांडायचे ते बहुधा पट्ट्याच्या रेषेला लागून, बाहेर.

‘शेक’च्या बाबतीत ‘हूल’ आणि ‘हुलकावणी’ यांत गल्लत होते. हुलकावणी मुख्यतः निसटणारा देतो. खो-खोत पळणारा गडी ती पाठलाग करणाऱ्याला देतो. हूल म्हणजे खोटी चाहूल. ‘हूल उठली’ म्हणतो तेव्हा घडलेले काही नसते, पण लोक धावतात. कबड्डीत चढाई करणारा हात एकीकडे नेऊन पाय दुसरीकडे टाकतो, ती हूल. ओलाजुवानचे नेमके तेच होते. तो लागोसमध्ये वाढला, बास्केटबॉलकडे वळण्यापूर्वी हँडबॉल आणि फुटबॉल खेळला, आणि फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता. त्या पायांचा उपयोग पुढे झाला, असे त्याच्या खेळाबद्दल नेहमी सांगितले जाते. खांदा पट्ट्याच्या मध्याकडे झुकवायचा, बचाव करणारा तिकडे कलला की उलट्या बाजूने अंतरेषेकडे (बास्केटमागच्या सीमारेषेकडे) वळायचे. तो सावरून आडवा आला की चेंडू वर नेऊन फेकण्याचा आव आणायचा आणि त्याने उडी मारताच त्याच्या हाताखालून पाऊल पुढे टाकायचे. म्हणजे एका चालीत दोन-तीन हुली, आणि त्या सगळ्या एका नांगरावर. १९९४ आणि १९९५ साली त्याचा संघ ह्यूस्टन रॉकेट्स अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत अजिंक्य ठरला, त्यातील दुसऱ्या वर्षी उपान्त्य फेरीत समोर डेव्हिड रॉबिन्सन होता, ज्याला त्याच हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला होता. तोही या हुलींना फसला.

‘ड्रॉप स्टेप’ मात्र तशीच राहू द्यावी. तिचे ‘मागे पाऊल’ केले, तर मराठी वाचक माघार समजेल. इथे पाठ बास्केटकडे असल्यामुळे मागे टाकलेले पाऊल हीच चढाई असते.

प्रतिसाद (चिपळूणला स्थायिक, मूळ सातारा) :
बाकी सर्व पटले, पण नांगराबद्दल शंका आहे. आमच्याकडे नांगर म्हणजे बैलांमागून शेतात चालणारा. ‘नांगरलेला पाय’ वाचून साताऱ्याचा मुलगा पाय उकरून काढल्याचे समजेल! ‘रोवलेला पाय’ दोन्हीकडे चालेल. दुसरा नामवंत सेंटर करीम अब्दुल-जब्बारच्या ‘स्काय हुक’ या फेकीमध्येही एक पाय रोवून, दुसरा गुडघा वर उचलून, चेंडू लांब हाताने डोक्यावरून सोडला जातो; तिथेही हा शब्द बसतो.

प्रतिसाद (मालवण) :
स्काय हुकमध्ये तो पाय उडी घेण्यासाठी असतो आणि लगेच जमीन सोडतो, त्यामुळे ‘रोवलेला’ तिथेच अडखळतो. रोवलेला खांब फिरत नाही, हीही अडचण आहेच. नांगराच्या दोन अर्थांविषयी आपले म्हणणे खरे आहे. घाटावरच्या वाचकासाठी पहिल्या वेळी ‘होडीच्या नांगरासारखा’ एवढे जोडले की पुरे.

प्रश्नकर्ता :
‘नांगरपाय’, ‘ठाण’ आणि ‘हूल’ घेतले. ‘ड्रॉप स्टेप’ तशीच ठेवली. कालच मुलांना हे शब्द सांगून सराव घेतला. आमचे मैदान लाल मातीचे आहे, आणि सकाळच्या पावसाने ती ओलसर होती. पाय नीट नांगरून वळलेल्या मुलाच्या चवड्याखाली वाटीएवढा गोल खळगा उरला होता. ज्याचा नांगर घसरला, त्याच्या खळग्याला वीतभर शेपूट फुटले होते. शिट्टी वाजवण्याऐवजी मी नुसते त्या शेपटीकडे बोट दाखवले.