मदत हवी आहे : बॉम्बर बनवणाऱ्या कारखान्यातून स्कूटर कशी आली?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात माझं एक छोटं व्याख्यान आहे, त्यासाठी मदत हवी आहे. विषय आहे इटलीतली पियाजिओ कंपनी.

युद्धात हे लोक चार इंजिनांची पी-१०८ बॉम्बर विमानं बनवत. पाँतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला, तरी बिएल्ला या दुसऱ्या गावात १९४४ पासूनच स्कूटरच्या नमुन्याचं काम चाललं होतं. युद्ध संपायच्या आधीच पुढची तयारी! मालकांना तो नमुना पसंत पडला नाही. मग हेलिकॉप्टरवर काम केलेले अभियंते कोर्रादिनो दास्कानियो यांनी नवं डिझाइन केलं आणि १९४६ मध्ये व्हेस्पा आली. तिचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, ती कल्पना विमानाच्या चाकांवरून घेतलेली. मला हे फार विलक्षण वाटतं.

पुढे हीच स्कूटर परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीत, बजाजच्या कारखान्यात बनू लागली, म्हणून विचारतो. तिथे जुन्या काळी काम केलेलं कुणी इथे आहे का? पत्र्याच्या सांगाड्याची जोडणी कशी व्हायची, ते मला समजून घ्यायचंय. आणि कुणाकडे जुनी गाडी असेल, तर पुढचं चाक काढून, ते एका बाजूने धरणाऱ्या दांड्याचा फोटो पाठवाल का? पंक्चर काढताना घेतलात तरी चालेल.