विषय: गणपतीतलं फोटोग्राफी प्रदर्शन, काचेमागे काही नको

प्रेषक: प्रदर्शन समिती

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या शनिवारी शाळेचा हॉल आपल्याला दिवसभर मिळाला आहे. आरती आणि जेवणानंतर दुपारी फोटोग्राफीचं प्रदर्शन, हे बैठकीत ठरलंच होतं. आता त्यात काय ठेवायचं ते बोलू.

आपण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरमध्ये राहतो. १८८८ साली कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनने याच गावातून १०० फोटोंचा रोल भरलेला कॅमेरा २५ डॉलरला विकायला काढला. रोल संपला की अख्खा कॅमेराच परत पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवा रोल भरून तो घरी यायचा. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला. हे सगळं आपण भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ईस्टमन म्युझियममध्ये दाखवतोच. तेच टेबलावर मांडून ‘हात लावू नये’ची पाटी लावण्यात मला राम वाटत नाही. येणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक तरी फोटो करावा आणि तो घेऊन घरी जावं, एवढाच माझा आग्रह आहे.

परवा हॉलशेजारच्या वर्गात एक प्रयोग करून पाहिला. खिडक्यांना काळं प्लास्टिक लावलं आणि मधोमध नाण्याएवढं भोक पाडलं. डोळे अंधाराला सरावले तसा समोरच्या भिंतीवर पार्किंगमधला मेपल दिसायला लागला. उलटा, पण पान न् पान हलतंय. मग शाळेची पिवळी बस छताच्या कडेने सरकत गेली. माझी आठ वर्षांची मुलगी त्यानंतर बराच वेळ गप्प होती. ही खोली पक्की धरा.

दुसरं, सायनोटाइप. ही जॉन हर्शेल यांची १८४२ची पद्धत, आपल्यातले इंजिनीयर जिला ब्ल्यूप्रिंट म्हणून ओळखतात तीच. लेप दिलेल्या कागदावर पान ठेवायचं, वर काच दाबायची, उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. निळ्यावर पांढरं पान उमटतं. माझ्या मनात आहे ते गणपतीच्या पत्रीचं. बेल आणि शमी इथे मिळत नाहीत, पण दुर्वा, तुळस, जास्वंदीची पानं आपल्या कुंड्यांत आहेतच.

तिसरं, १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी केलेला पहिला डिजिटल कॅमेरा. मुलांना २३ सेकंद न हलता उभं करायचं आणि मग फोटो दाखवायचा.

सूचना कळवा.

———

प्रेषक: स्वयंपाक समितीतली ताई

दादा, कल्पना फार आवडली. पण त्या लेपात पोटॅशिअम फेरीसायनाइड असतं असं वाचलं. ‘सायनाइड’ शब्द दिसला की आया मुलांना दारातूनच परत नेतील. आणि एक विनंती. वाहिलेली पत्री वापरू नका, ते निर्माल्य. पूजेआधीच काही पानं वेगळ्या ताटात काढून ठेवू.

———

प्रेषक: प्रदर्शन समिती

ताई, पत्रीचं अगदी बरोबर. वेगळं ताट करू.

रसायनाबद्दल: त्यातलं सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं, फक्त तीव्र आम्लाशी आणि जास्त उष्णतेशी त्याची गाठ पडू द्यायची नाही. तरी आपण लेप घरी देणारच नाही. तयार लेप दिलेला कागद विकत मिळतो, तोच आणू. मुलांच्या हाती फक्त कागद, पान आणि पाणी. हातमोजे आणि वेगळ्या बादल्या असतीलच, आणि स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये काहीही धुतलं जाणार नाही, हा माझा शब्द.

———

प्रेषक: काका (आता निवृत्त)

एक दुरुस्ती. सॅसनच्या कॅमेऱ्यात फोटो क्षणातच टिपला जायचा. तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तेव्हा मुलांना पुतळ्यासारखं उभं करू नका. फोटो काढा आणि २३ सेकंदांनी पडद्यावर आणा. चित्रही १०० बाय १०० ठिपक्यांचं, काळंपांढरं करा, म्हणजे त्यांना कळेल की सुरुवात किती लहान होती.

आता माझं मागणं. कॅमेऱ्यावर सगळे बोलतात, फिल्मवर कुणी बोलत नाही. मी कोडॅक पार्कात, म्हणजे कोडॅकच्या इथल्या कारखान्यात, ३१ वर्षं काढली. जिलेटिन आणि चांदीचे क्षार यांचा थर फिल्मवर चढवतात तो मिट्ट अंधारात. लाल दिवासुद्धा चालत नाही. पहिल्या रात्रपाळीला मी भिंत चाचपत गेलो होतो. समोरून कुणी येतंय हे कळावं म्हणून आम्ही शीळ घालायचो. महिन्याभरात पावलांवरून माणूस ओळखू यायला लागला. या गावातली हजारो घरं त्या अंधारातल्या कामावर उभी राहिली, आणि फिल्म इथे आजही बनते. हे प्रदर्शनात नसेल तर मला चुकल्यासारखं वाटेल.

दोन बाह्यांची काळी पिशवी माझ्याकडे आहे. तिच्यात हात घालून, वाया गेलेली फिल्म रिळावर चढवायची. आधी एकदा उजेडात, मग पिशवीत. फिल्मचं टोक कात्रीने सरळ कापलेलं हवं, नाहीतर अडकते. मी दिवसभर त्या टेबलाशी बसेन.

———

प्रेषक: बफेलोहून येणारी सभासद

काकांचं पत्र दोनदा वाचलं. माझ्या बाबांचा मिरजेत स्टुडिओ होता. स्थळासाठी काढलेल्या फोटोवर देवीचे व्रण दिसू नयेत म्हणून ते निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने काम करायचे. उतरत्या चौकटीत काच, खाली आरसा, आणि पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं पेन्सिलीचं टोक. व्रण निगेटिव्हवर पातळ दिसतो, तिथे शिसं भरलं की छापताना तो उजळतो. एका चेहऱ्याला तासभर सहज जायचा.

ती चौकट मी येताना बॅगेतून आणली होती, बेसमेंटमध्ये आहे. मोठ्या आकाराच्या जुन्या निगेटिव्हही आहेत, पण त्या खऱ्या माणसांच्या आहेत म्हणून त्यांवर काम नको. आपल्याच सभासदांचे फोटो पारदर्शक कागदावर निगेटिव्हसारखे, काळ्याचं पांढरं करून छापून घेऊ. बाबांच्या हाताला हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास कायम असायचा. त्या टेबलावर मला बसू द्या.

मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तेव्हा फोटो काढत होते, हेही एका फलकावर यावं.

———

प्रेषक: प्रदर्शन समिती

काका, बफेलोच्या ताई, दोन्ही टेबलं ठरली. काकांची पिशवी अंधाऱ्या वर्गाच्या दारातच ठेवू, आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचं, म्हणजे रिटचिंगचं, टेबल उत्तरेच्या खिडकीशी, तिथला उजेड दिवसभर सारखा असतो. फलकाचा मजकूर ताईंनीच लिहावा.

आकाश भरून आलं तर सायनोटाइपसाठी उन्हाऐवजी यूव्ही (अतिनील) दिवे लागतील. कुणाकडे असतील तर बुधवारपर्यंत सांगा. शिवाय फोटो-फ्रेमच्या जुन्या काचा हव्यात, साधारण वहीच्या पानाएवढ्या, वीस तरी. कडांना चिकटपट्टी लावून आणा, मुलांचे हात आहेत.