अल्बम ‘घेणे’, कॅसेट ‘भरणे’, गाणं ‘लावणे’

प्रश्नकर्ती

एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय साधा आहे: गाण्याचे शौकीन पूर्वी अल्बम विकत घ्यायचे, आता घेत नाहीत, किंवा वेगळ्याच तऱ्हेने घेतात. संपादकांनी फक्त एक अट घातली आहे, ‘अल्बम’ला मराठी शब्द वापरा. तिथेच गाडी अडली आहे.

‘ध्वनिमुद्रिका’ लिहून पाहिलं. पण जी दहा गाणी कुठल्याच वस्तूवर नाहीत, नुसती फोनमधून ऐकू येतात, त्यांना ‘मुद्रिका’ कसं म्हणू? ‘गीतसंग्रह’ म्हटलं की कवीचं पुस्तक डोळ्यांसमोर येतं. ‘गीतसंच’ बरा वाटतो, पण तो बोलताना कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. तुम्ही काय म्हणता? तुमच्या घरी, गावात काय म्हणायचे?

तबकडीप्रेमी

ताई, संपादकांना सांगा की अल्बम हा शब्द गाण्याचा नव्हताच. लॅटिनमध्ये ‘अल्बस’ म्हणजे पांढरा. रोममध्ये जाहीर सूचना लिहायला पांढरा फलक असे, तो ‘अल्बम’. पुढे युरोपात सह्या, कविता, चित्रं जमवायच्या कोऱ्या वहीला हे नाव पडलं, मग फोटोंच्या वहीला. गाण्यात तो आला 78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डमुळे. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मोठी रचना द्यायची तर चार-पाच रेकॉर्ड लागत, आणि त्या ठेवायला जाड पुठ्ठ्याची, आत कागदी पाकिटं शिवलेली वही असे. दिसायला हुबेहूब फोटोंचा अल्बम. 1948 साली कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी ‘लाँग प्ले’ रेकॉर्ड, आणली, तेव्हा ती सगळी वही एकाच तबकडीत मावली. वही गेली, नाव राहिलं. वस्तू जाऊन नाव उरण्याचा प्रकार या शब्दाच्या बाबतीत आधीच एकदा घडून गेला आहे, तेव्हा फोनमधल्या अल्बमबद्दल एवढा संकोच नको.

‘तबकडी’ मात्र मला फार आवडतो. अरबी ‘तबक’ फारसीतून आपल्याकडे आलं, पानाचं तबक, आरतीचं तबक, आणि त्याचं हे लाडकं रूप. शिवाय 78ची रेकॉर्ड लाखेची असे, दगडाची भुकटी मिसळून. हातातून पडली की काचेसारखी फुटायची. ती ‘सांभाळणे’ हा शब्दही त्या वस्तूचा भाग होता.

खान्देशी पाहुणा

आमच्याकडे या, गंमत दाखवतो. खान्देशात ‘अल्बम’ म्हणजे एक गाणं! अहिराणी गाणं, सोबत नाचाचा व्हिडिओ, यूट्यूबवर चढवलेला. ‘भाऊने नवा अल्बम काढला’ म्हटलं की बाराच्या बारा गाणी शोधत बसू नका, एकच असतं. सिनेमातलं नाही ते अल्बममधलं, एवढाच अर्थ उरला आहे. ‘अल्बम साँग’ हा शब्द तर मराठी, हिंदी, भोजपुरी सगळीकडे चालतो. आधी संग्रहाला अल्बम म्हणत होते, आता एकट्या गाण्याला. भाषेला व्याकरणाची पर्वा असते, गणिताची नसते.

प्रश्नकर्ती

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे मी ‘अल्बमची विक्री घटली’ असं लिहिलं तर धुळ्याचा वाचक म्हणेल, छे, रोज नवा येतो!

माजी दुकानदार

मी तालुक्याच्या गावी बसस्टँडसमोर कॅसेटचं दुकान चालवलं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, तेही माझंच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते नामात नाही, क्रियापदात आहे. आमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी ‘अल्बम’ नव्हता आणि ‘घ्यायचा आहे’ही फारसं नव्हतं. तो यायचा आणि म्हणायचा, ‘कॅसेट भरून द्या.’

वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचा. कोरी कॅसेट त्याची किंवा आमच्याकडची. साठची म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटं, नव्वदची म्हणजे नव्वद. मी यादी बघून मनात हिशेब करायचो, कारण बाजू संपताना गाणं कडव्यात तुटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत दारात. अर्धा मिनिट उरलं तर सनईचा तुकडा टाकायचा, कोरी जागा लोकांना आवडत नसे. लग्नासाठी भरायची तर पहिलं गाणं गणपतीचं, हे न सांगता ठरलेलं. भरून झाली की कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे चौकोनी तुकडे स्क्रू-ड्रायव्हरने मोडायचे, म्हणजे घरच्या पोरांनी चुकून वर काही रेकॉर्ड केलं नाही पाहिजे. मग सहा महिन्यांनी तोच माणूस त्या भोकांवर चिकटपट्टी लावून, नवी यादी घेऊन हजर. हे कायद्यात बसत नव्हतं, हे आम्हालाही ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकालाही. खोटं कशाला बोलू.

कंपनीची छापील कॅसेटही विकायचो, नाही असं नाही. सिनेमाचं संगीत सिनेमाच्या आधी यायचं, तेव्हा ‘आली का?’ म्हणून चार-चार चकरा मारणारे होते. पण 1983 साली सुरू झालेल्या टी-सीरीजने भाव पाडला तेव्हा कुठे आमच्या भागात छापील कॅसेट लोकांच्या हातात पडली. त्याआधी कॅसेट हे शहरातल्या किंवा आखातातून आलेल्या माणसाच्या घरचं काम.

मग कॅसेट गेली, सीडी आली आणि गेली. मेमरी कार्ड आलं. गिऱ्हाईक काय म्हणालं? ‘कार्ड भरून द्या.’ शब्द तोच! फरक एवढाच की यादी बंद झाली. ‘जुनी टाका, मराठी टाका, डीजेची टाका.’ दोन जीबीचं कार्ड, त्यात चारशे-पाचशे गाणी, पाच मिनिटांत भरली. साठ मिनिटांच्या कॅसेटला मला साठ मिनिटं बसावं लागायचं, म्हणून गाणी कानावरून जायची. कार्ड भरताना एकही ऐकलं नाही.

आता माझ्याकडे कुणी काही भरायला येत नाही. येतात ते रिचार्जला.

प्रश्नकर्ती

काका, हे सोनं आहे. माझ्या लेखाचं पहिलं वाक्यच बदललं. मी ‘पूर्वी लोक अल्बम घेत’ असं धरून चालले होते, आणि ते आपल्याकडे अर्धंच खरं दिसतंय. 78च्या रेकॉर्डवर एका बाजूला एक गाणं, म्हणजे सुट्टं गाणंच. भरलेल्या कॅसेटमध्ये आपली निवड. कार्डातही सुट्टी गाणी. आणि आज ज्याला पोरं प्लेलिस्ट म्हणतात ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या वहीतली यादीच ना? 2003 साली ॲपलने आयट्यून्सच्या दुकानात 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं, तेव्हा अमेरिकेत अल्बम फुटला म्हणून ओरड झाली. आपल्या बसस्टँडसमोर तो केव्हाचाच फुटलेला होता.

जर्सीकर

पूर्ण असहमत. म्हणजे दुकानदार काकांच्या गावाबद्दल नाही, तुमच्या निष्कर्षाबद्दल.

‘शिवकल्याण राजा’ आठवा. 1974, लताबाई, हृदयनाथ, आणि मधून मधून बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. ते निवेदन पुढच्या गाण्याला हात धरून आणतं. ॲपवर गाणी उलटसुलट लागली की निवेदन एका प्रसंगाचं आणि मागून येणारं गाणं भलत्याच. ज्यांनी तो पहिल्यापासून ऐकलाय त्यांना तो धक्का कळेल. गीतरामायणाची 56 गाणी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी आली, पण नंतर घरोघर गेली ती संचाच्या रूपात. ‘संच’ हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता: ‘गीतरामायणाचा संच’. तेव्हा तो कुणी बोलत नाही, हे चूक. आणि अभिजात संगीताच्या श्रोत्याला विचारा. तीन मिनिटांत कोंबलेला ख्याल ऐकलेल्या माणसाला एलपीच्या अख्ख्या बाजूवर एक राग मिळाला, तेव्हा काय वाटलं असेल! पुण्यात अलूरकरांकडे, मुंबईत काळा घोड्याला रिदम हाउसमध्ये तासन् तास उभं राहून आम्ही अल्बमच घेतले, पैसे साठवून. रिदम हाउस 2016 साली बंद झालं, तेव्हा इथे न्यू जर्सीत बसून मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

क्रम हाही रचनेचा भाग असतो. 2021 मध्ये ॲडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप गाणी पिसण्याचं बटण काढलं, ते याच कारणाने. (‘शफल’ला मराठी ‘पिसणे’. पत्ते पिसतो तसं. ही माझी भर, फुकट घ्या.)

प्रश्नकर्ती

‘पिसणे’ घेतलं. ‘संच’ही. आणि निष्कर्ष थोडा खाली आणते: दोन्ही परंपरा होत्या, पण सुट्ट्या गाण्याची जास्त घरांत होती.

आता दुसरं. ‘ध्वनिफीत’चं काय करायचं? ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’वरून आलेली, म्हणजे रिबन. सीडीच्या काळातही निमंत्रणपत्रिकांवर ‘ध्वनिफितीचे प्रकाशन’ छापत होते. आता बातमीत ‘कथित ध्वनिफीत’ म्हणजे कुणाचं तरी फोनवरचं चोरून टिपलेलं बोलणं. गाणं त्यातून पार गेलं.

तबकडीप्रेमी

असे पुष्कळ आहेत. ‘त्याची पिन तिथेच अडकली आहे’ हे ज्या मुलांच्या तोंडी आहे त्यांनी पिन कधी बघितलेली नाही. ‘तीच टेप परत लावू नकोस’ हेही. गाणं अजूनही आपण ‘लावतो’, दिवा लावावा, टिकली लावावी तसं. काटा रेकॉर्डवर अलगद टेकवायचा, ही कृती त्या ‘लावणे’त शिल्लक आहे असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही. आणि कॅसेटमधून बाहेर येऊन गुंता होणारी ‘रीळ’, जी आपण पेन्सिल घालून गुंडाळायचो, ती ‘रील’ होऊन परत आली. तीस सेकंदांची. गाण्याचा तेवढाच भाग आता लोकांना पाठ असतो.

माजी दुकानदार

खरं आहे. पोरं येतात, ‘ते रीलवालं गाणं’ म्हणतात. बाकीचं गाणं आहे हे सांगावं लागतं.

जर्सीकर

माझा मुद्दा ‘घेणे’ या क्रियापदाचा आहे. ॲपच्या पैशाला मराठीत ‘वर्गणी’ लिहितात. मला खटकतं. मासिकाची वर्गणी संपली तर पुढचा अंक येत नाही, पण जुने अंक घरात राहतात. इथे वर्गणी थांबली की उतरवून ठेवलेली गाणीही मुकी होतात. हे ‘भाडं’ आहे. स्वच्छ ‘भाडं’ लिहा. तसंच ‘डाउनलोड’. आपण त्याला ‘उतरवून घेणे’ म्हणायला लागलो, आणि उतरवून घेतलेलं आपलं असतं असं गृहीत धरलं.

मधल्या काळात भारतात खरंच ‘विकत’ देण्याचाही प्रयत्न झाला होता. फ्लिपकार्टने 2012च्या सुरुवातीला ‘फ्लाइट’ नावाने एमपी3 गाणी विकायला काढली, 2013च्या जूनमध्ये बंदही केली. लोकांनी पैसे खर्च केले ते कॉलर ट्यूनवर, म्हणजे स्वतःला ऐकूच न येणाऱ्या गाण्यावर, तेही महिन्याच्या भाड्याने! आणि 2017 साली सारेगामाने ‘कारवाँ’ काढला, जुन्या रेडिओसारखी पेटी, आत पाच हजार गाणी. माझ्या आईने तो घेतला तेव्हा फोनवर काय म्हणाली असेल? ‘यात गाणी भरलेलीच येतात.’ काका, तुमचं क्रियापद जिंकलं.

इकडे अमेरिकेत उलटा वारा आहे. 2020 मध्ये इथे एलपींच्या विक्रीतून आलेला पैसा सीडींच्या पुढे गेला, 1986 नंतर प्रथमच. माझ्या शेजारचा मुलगा एलपी घेतो आणि भिंतीवर टांगतो. ऐकतो फोनवर. त्याच्यासाठी एलपी हे चित्र आहे.

आणि मोजदाद तर आणखी अजब. गाण्यांच्या खपाच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड या इथल्या मासिकाने 2014च्या डिसेंबरात ठरवलं (आकडा पुढे बदलला) की एखाद्या अल्बममधली गाणी मिळून 1500 वेळा ऐकली गेली की तो एक अल्बम खपला असं धरायचं. सुट्टी दहा गाणी विकली गेली तरी एक अल्बम. कुणी विकत न घेता अल्बम ‘खपतो’. ‘खपणे’ या शब्दाची एवढी ओढाताण आपल्या किराणा दुकानदारानेही केली नसती.

प्रश्नकर्ती

मी ‘अल्बम’च ठेवते आहे. संपादकांना तबकडीप्रेमींचं उत्तर पाठवलं, त्यांनी मान डोलावली. एलपी-सीडी ही वस्तू असेल तिथे ‘ध्वनिमुद्रिका’, अनेकांचा गठ्ठा असेल तिथे ‘संच’, ॲपच्या पैशाला ‘भाडं’. ‘भरून घेणे’वर स्वतंत्र चौकट.

जाता जाता एक. माझी भाची सोळा वर्षांची आहे. कोरियन गटांचे अल्बम मागवते, खाऊचे पैसे साठवून. पुस्तकाएवढं खोकं येतं, आत सीडी, जाड फोटोंचं पुस्तक आणि कलाकाराच्या फोटोचं एक कार्ड. कुठलं कार्ड निघेल ते खोकं उघडेपर्यंत कळत नाही, म्हणून तेच खोकं दोनदा मागवणाऱ्या मैत्रिणी आहेत. सीडी लावायला घरात यंत्रच नाही. 2022 साली बीटीएसच्या जे-होपचा अल्बम तर सीडीशिवायच निघाला, कार्डं आणि एक क्यूआर कोड. गाणी फोनवर.

तबकडीप्रेमी, अल्बम म्हणजे फोटो हा अर्थ फिरून घरी आला की हो! मी भाचीला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. तेव्हा ती ती कार्डं एका वहीतल्या पारदर्शक कप्प्यांत एकेक करून सरकवत होती. मी म्हटलं, हा बघ, हाच खरा अल्बम. तिने वर न बघता सांगितलं, ‘मावशी, याला बाइंडर म्हणतात.’