वजन उतरवायला भात सोडू का? जिरेपाणी, उपवास, घामाचा पट्टा... सल्ला हवा

गवतीचहा
मंडळी, भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि ब्लाउज दंडात अडकतायत. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो. घरात जितकी तोंडं तितके सल्ले. जाऊ म्हणते भात बंद कर. सासूबाई म्हणतात सकाळी मध-लिंबू घे, चरबी वितळते. ऑफिसातली मैत्रीण पोटाला पट्टा बांधून चालते, आठवड्यात दीड किलो उतरलं म्हणते. मी सोमवार-गुरुवार उपवास धरलेत, काटा ढिम्म. यातलं खरं काय? पॅकेज विकणाऱ्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये.

पाटपाणी
उपवासाला काय खाता ते लिहा आधी. :)

गवतीचहा
सकाळी साबुदाण्याची खिचडी, दही. रात्री भगर आणि दाण्याची आमटी. मध्ये बटाट्याचा चिवडा, थोडासाच.

पाटपाणी
एकादशी अन् दुप्पट खाशी! हलकं घ्या.

चुलीजवळ
आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी, प्रथिनं नावाला. त्यात दाण्याचं कूट, ते १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. वरून खिचडी मोकळी व्हावी म्हणून सोडलेलं तूप. वरण-भात-भाजीच्या साध्या जेवणापेक्षा ही वाटी सहज जड पडते. उपवास मोडा असं नाही म्हणत; ताक, फळं, लाल भोपळ्याची भाजी, राजगिऱ्याची भाकरी यांवर करा. आणि तो 'थोडासा' चिवडा एकदा वाटीत काढून बघा.

भाताला उगाच बदनाम केलंय. कोरडे तांदूळ घ्या नाहीतर कणीक, १०० ग्रॅमला दोन्ही साडेतीनशेच्या आसपास. पोळीत चोथा जास्त, एवढं खरं. भाताची खोड वेगळी: तो चावावा लागत नाही, आणि आमटी उरली म्हणून परत वाढून घेतला जातो.

मध-लिंबानं काही वितळत नाही. चमचाभर मधात २० कॅलरी असतात, त्या उलट वाढतात. जिरेपाणी प्या, पण त्याच्याकडून पाचक म्हणून असते तेवढीच अपेक्षा ठेवा. पट्ट्यानं जातो तो घाम. दोन तांबे पाणी प्यायलं की काटा जागेवर. पोटाची किंवा दंडाची चरबी वेगळी काढून कमी करता येत नाही. ती सगळीकडून उतरते, कुठून आधी हे शरीर ठरवतं.

आता खरं सांगा, घरात माणसं किती आणि महिन्याला तेलाच्या पिशव्या किती?

गवतीचहा
चौघं. पाच पिशव्या, एक लिटरच्या. पण सूर्यफुलाचं आहे, हलकं असतं ते.

चुलीजवळ
वाटलंच. एका पिशवीत ९१० ग्रॅम, पाचात ४५५०. चार माणसं, ३० दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४० च्या घरात, आणि ताटात तेल असं वेगळं काही दिसलेलंही नाही. सूर्यफूल, शेंगदाणा, करडई, कुठलंही घ्या, कॅलरी तेवढ्याच. 'हलकं' ते चवीला आणि रंगाला. तीन पिशव्यांवर आलात तर माणशी रोज सव्वाशेच्या वर वाचतात, तेही कुणाचं ताट न बदलता. फोडणीला बुधली तिरकी करणं बंद, चमचा मोजून घाला.

मावळतीकर
डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आहार की ऋजुता दिवेकरांचा, यावर कुणीच कसं बोललं नाही? धागा शंभरी गाठेल.

चुलीजवळ
नको रे बाबा. एक म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत आटपा. दुसऱ्या म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. माझं मत विचाराल तर दोन्हींचा गुण येतो तो बराचसा येता-जाता तोंडात टाकणं थांबल्यामुळे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका.

पाटपाणी
थायरॉइड तपासा, माझ्या बायकोचं त्यानंच वाढलं.

चुलीजवळ
तपासायला हरकत नाही, साधी रक्ततपासणी आहे. पण थायरॉइड मंदावल्यानं सहसा दोन-पाच किलो वाढतं, त्यातही बरंच पाणी. पंधरा किलोचं खापर एकट्या त्याच्यावर नको. आणि ताई, चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजनं उचला, पाण्याच्या बाटल्याही चालतील. नुसतं कमी खाल्लं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

गवतीचहा
सासूबाईंना तेलाचा हिशेब वाचून दाखवला. त्या विचारतायत, "मग अळूवडीचं काय?"

चुलीजवळ
उकडून झाली की तव्यावर दोन चमचे तेलात खरपूस परता. त्यांना मात्र पहिल्या खेपेला तळूनच द्या.