जन्मल्याबरोबर मेंदूला ‘आता श्वास घे’ हे कोण सांगतं?

कुतूहल: गर्भातलं बाळ श्वासासारखी छाती हलवतं, पण मधूनमधूनच. जन्मल्यावर मात्र मिनिटाभरात श्वास अखंड सुरू होतो. कार्बन डायऑक्साइडमुळे म्हणावं, तर तो गर्भातही असतोच की!

मज्जातंतू: कारण एकच नाही. गर्भाला पोसणाऱ्या वारेतून येणारं प्रोस्टाग्लँडिन ई२ हे रसायन गर्भात श्वासाला ब्रेक लावून ठेवतं. वारेशी संबंध तुटला की तो ब्रेक सुटतो. त्यातच गार हवा आणि स्पर्श मेंदूला खडबडून जागं करतात. श्वासाची लय तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलातल्या प्री-बॉट्झिंगर भागात असतात. त्या आधीपासूनच तयार असतात, कमी असतो तो रेटा. उंदरांवरच्या २०२० सालच्या संशोधनात दिसलं, की जवळच्याच रेट्रोट्रॅपेझॉइड भागातल्या पेशी नेमक्या जन्माच्या सुमारास पॅकॅप हे पेप्टाइड (छोटं प्रथिन) जोमाने बनवू लागतात. त्या पेशींतून ते काढून टाकलं, तर पिल्लांचा श्वास वारंवार अडतो.

एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग): ऑक्सिजनचा मुद्दा राहिला. तो कमी पडला की मोठी माणसं जोरात श्वास घेतात, गर्भ उलट छाती हलवणं थांबवतो. ही सवय एका दिवसात जात नाही: ऑक्सिजन कमी पडला की नवजात बाळ एक-दोन मिनिटं जोरात श्वास घेतं, मग मंदावतं. म्हणूनच न रडलेल्या बाळाला थोपटत बसू नये. कोरडं करा, पाठ दोन-तीनदा चोळा. श्वास आलाच नाही किंवा हृदयाचे ठोके मिनिटाला १००च्या खाली असले, तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर मास्क लावून हवेची पिशवी दाबत) मिनिटाला ४० ते ६० श्वास द्या. गुदमरण्याच्या पुढच्या टप्प्यात चोळून काहीच होत नाही, जातो तो वेळ. उलटं धरून चापट मारणं तर नकोच. बॅग लागू पडतेय हे आधी ठोक्यांवरून कळतं, रंगावरून नाही. धडधाकट बाळाचंही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) पहिल्या मिनिटाला ६०-६५ टक्के असतं, पाचव्याला ८०-८५.

कुतूहल: मग झोपेत श्वास मध्येच थांबतो, तो?

एनआयसीयू: पाच-दहा सेकंद थांबून आपोआप सुरू झाला, तर चालतं. २० सेकंदांच्या वर गेला, किंवा त्याआधीच ठोके मंदावले, बाळ निळं पडलं, तर तो ॲप्निया, लगेच डॉक्टर. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा नेहमीचाच. त्यांना कॅफीन सायट्रेट देतात: पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, पुढे रोज ५ ते १०. श्वास दाबणाऱ्या ॲडेनोसिन या मेंदूतल्या रसायनाला ते अडवतं.